मामांनी दिलेलं न्यूयॉर्क

अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण हा देश मुळात राज्यांचा नसून टीव्हीच्या डब्यांचा आहे, असं मनापासून मानणारा आणि त्याच हिशेबानं जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, मूळचे नागपूरचे, इथल्या सरकारच्या पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे राहणारे. त्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगा. ते गाव कशासाठी प्रसिद्ध आहे, तिथे थंडी किती पडते, आपलं कोण राहतं तिथे, यातलं काहीही ते विचारत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "घरं किती असतील? टीव्ही असलेली?" माझी बहीण पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला तिच्या गावातल्या टीव्हींबद्दल त्यांनी इतकं खोदून विचारलं, की परतताना गाडीत तिनं मला हळूच विचारलं, मामांचं दुकान कुठे आहे आणि घरच्यांना काही सवलत मिळते का.

दुकान नाही. यामागे आहे कॉलेजांचं फुटबॉल. फुटबॉल म्हणजे इथलं, अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळायचं. प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण मामांकडून ऐकायचं ठरवलं तर दुपारचा चहा आणि संध्याकाळचा फिरायला जाण्याचा बेत, दोन्ही जातात. इथली कॉलेजं एकमेकांशी सामने खेळण्यासाठी गट करतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी आजूबाजूची कॉलेजं एका गटात असायची, बसनं जाऊन खेळून संध्याकाळी घरी परत यायची. मग टीव्हीवाले आले. ज्या गटाचे सामने जास्त घरांत दिसतील त्या गटाला जास्त पैसे. झालं. मोठ्या शहराजवळची कॉलेजं आपल्याकडे ओढायची चढाओढ लागली. आज एका महासागराचं नाव लावणाऱ्या गटात दुसऱ्या महासागराच्या काठची कॉलेजं आहेत, आणि ज्या गटाच्या नावातच आकडा आहे त्याच्या सभासदांची आणि त्या आकड्याची कित्येक वर्षांत गाठभेट नाही. कोण कुणाला सोडणार आणि कोण कुणाला घेणार, यावर देशभर माणसं तावातावानं भांडत असतात. त्यांतले एक आमचे मामा. फरक इतकाच, की बाकीच्यांना निदान खेळ आवडतो.

मामांना खेळाशी काही देणंघेणं नाही. सामना सुरू झाला की ते आल्याचा चहा टाकायला उठतात आणि जाहिराती लागल्या की लगबगीनं परत येऊन बसतात, कारण कुठल्या गावच्या गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लागली यावरून सामना कुठवर दिसतोय याचा त्यांना अंदाज येतो. आमच्या न्यू जर्सीतलं मोठं विद्यापीठ दूरच्या मिडवेस्टमधल्या गटात गेलं, त्याबद्दल माझा नवरा एकदा कौतुकानं बोलायला लागला, तर मामांनी त्याला मध्येच थांबवलं. म्हणाले, "खेळ पाहून नाही घेतलं, राजेहो. शेजार पाहून घेतलं. न्यूयॉर्क घरात यावं म्हणून आपल्याला दारातून आत घेतलं." त्यांच्या बोलण्यात कॉलेजं म्हणजे लग्नाची स्थळं असतात. अमुक कॉलेज हुशार आहे, दिसायला चांगलं आहे, खेळाडू धट्टेकट्टे आहेत, पण जवळ शहर नाही, कोण करेल? तमुकचं शिक्षण यथातथाच, पण माहेर शिकागोचं, त्यामुळे दारात रांग. एकदा ओक ट्री रोडवर भाजी घेताना ते मोबाइलवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, की तिनं जुनं घर सोडून दुसऱ्याचं धरलं, पण तिथेही ती टिकायची नाही. भेंडी निवडत असलेल्या दोन गुजराती बायका हात थांबवून ऐकत राहिल्या. विषय अॅरिझोनातल्या एका विद्यापीठाचा होता.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी राहत नाही, नकाशा राहतो. सबंध भिंतभर अमेरिका, प्रत्येक कॉलेजापाशी टाचणी आणि एकाच गटातल्या टाचण्यांना जोडणारी रंगीत लोकर. लोकर मामींची. मामी म्हणजे त्यांच्या पत्नी. दादरच्या, नीटनेटक्या आणि कमी बोलणाऱ्या. नातवाच्या स्वेटरला हिरवी लोकर का पुरली नाही असं मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी गॅरेजकडे नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बाह्या ओहायोत आहेत." एखादं कॉलेज गट बदलणार अशी कुणकुण लागली की मामा त्या टाचणीवरची लोकर अर्धी सोडून लोंबकळत ठेवतात. निकाल लागेपर्यंत गॅरेजमध्ये वाकूनच जावं लागतं.

प्रवासाला गेले तरी हेच. ईडन प्रेरीला आमच्या एका नात्यातल्या मुलाची मुंज होती. मिनेसोटातली माणसं सभ्य. मामांनी मुलाच्या वडिलांना बाजूला घेतलं तेव्हा त्यांना वाटलं आहेराचं पाकीट असेल. मामा विचारत होते, शनिवारी दुपारी तुमच्याकडे टीव्हीवर आपोआप कुठलं कॉलेज लागतं. पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला त्यांची मुलगी राहते. ती तिथेच नोकरीला, नवराही तिथलाच. तिच्या शेजाऱ्यांना मामांनी सलग दोन संध्याकाळी बागेच्या कुंपणावरून समजावून सांगितलं, की तुमच्या भागात डबे पुष्कळ पण बघणारे कमी, त्यामुळे तुमचा बाजार पोकळ आहे. मुलीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, "बाबा, प्लीज, नॉट द नेबर्स." मामा आत येऊन मामींना म्हणाले, बघ, हिलाही पटलं, फक्त चारचौघांत नको म्हणते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या उलाढालीत मामांचा स्वतःचा एक उमेदवार होता. त्यांचं कॉलेज. मामा एमएस करायला आले ते मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा गावात. एक मोठा रस्ता, एक पाण्याची टाकी आणि एक कॉलेज, बस्स. जवळपास मोठं शहर नाही, त्यामुळे टीव्हीच्या दुनियेत त्या कॉलेजाला कुणी विचारत नव्हतं. त्याच राज्यात, पण एका मोठ्या शहराला खेटून, दुसरं एक कॉलेज होतं. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. आमच्या मामांचं कॉलेज मरून रंगाचं, ते दुसरं निळ्या रंगाचं. मामा घरात निळी बादलीसुद्धा ठेवत नाहीत. एक मोठा गट आता या दोघांपैकी एकाला घेणार अशी बातमी आली आणि मामांची झोप उडाली. आपल्या कॉलेजाला ते निमंत्रण यावं, एवढंच त्यांचं उरलेल्या आयुष्याकडे मागणं होतं. तसं ते स्पष्ट बोलून दाखवत. साठी-सत्तरीतली बाकीची माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात. मामा निमंत्रणाबद्दल बोलत.

त्या दिवसांत ते विमानांवर लक्ष ठेवून असत. म्हणजे कॉलेजाच्या मालकीचं एक छोटं विमान होतं आणि आकाशातलं कुठलं विमान कुठे चाललंय ते आता कुणालाही कम्प्युटरवर दिसतं. गटात जायची बोलणी गुपचूप होतात, तेव्हा साहेब लोक कुठे जातात ते विमानावरून कळतं, असं त्यांच्या पंथातल्या लोकांचं शास्त्र आहे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. मला वाटलं मामींना काही झालं. बाहेर येऊन फोन घेतला तर पलीकडून दबलेला आवाज, "सूनबाई, विमान उडालं." पुढे दर थोड्या वेळानं मेसेज: कॅन्सस ओलांडलं, दक्षिणेला वळून राहिलं, डलासला उतरलं. डलास म्हणजे केवढा बाजार! त्या संध्याकाळी मामांनी आम्हाला जेवायला बोलावलं, मामींनी श्रीखंड केलं, भिंतीवरची मरून लोकर सोडून मोकळी ठेवली गेली. चार दिवसांनी कॉलेजाच्या पानावर फोटो आला. जनावरांच्या डॉक्टरांच्या विभागातले एक प्राध्यापक एका महागड्या घोड्याचं ऑपरेशन करून परतले होते. घोडा सुखरूप होता. मामा म्हणाले, वाटाघाटी लपवायच्या तर घोड्यासारखं निमित्त नाही.

पण मामा नुसते आशेवर बसणारे नव्हेत. त्यांनी एक सिद्धान्त मांडला आणि मला मान्य करावं लागेल, की तो ऐकायला फार सुरेख होता. त्यांचं कॉलेज वर्षानुवर्षं भारतातल्या पोरांना एमएसला घेतं. पोरं शिकतात आणि नोकरीसाठी न्यू जर्सीला येतात. म्हणजे त्या कॉलेजाचा खरा बाजार शेतात नाहीच, तो इथे, एडिसनला, न्यूयॉर्कच्या उंबरठ्यावर आहे. "आपलं कॉलेज गरीब नाही, सूनबाई. त्याचं धन इथं ठेवलेलं आहे, त्यालाच माहीत नाही," असं म्हणून त्यांनी कॉलेजाला पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी माजी विद्यार्थी विभागातून उत्तर आलं: केली नावाची आमच्या विभागातली एक मुलगी कामासाठी न्यूयॉर्कला येतेच आहे, त्या शनिवारी त्या दुसऱ्या कॉलेजाशी आपला वार्षिक सामना आहे, तुम्ही सगळे जमून बघणार असाल तर ती येईल, फोटो काढेल आणि वरपर्यंत पोचवेल.

मराठी मंडळाच्या हॉलचं बुकिंग माझ्याकडे असतं. मी वेळापत्रक उघडलं आणि मामांना सांगितलं, त्या शनिवारी हॉल रिकामा नाही, नवरात्र आहे, मामींचा भोंडला आहे. बायकोशी वाटाघाटी करण्याचा त्यांना अनुभव नव्हता. चाळीस वर्षांत वेळच आली नव्हती, सगळं मामीच ठरवायच्या. म्हणून तह मी घडवला. हॉलच्या पूर्वेला पडदा आणि सामना, पश्चिमेला पाटावरचा हत्ती आणि फेर. सामन्याला मध्यंतर असतं, तेव्हा खिरापत. पार्किंगला दोन माणसं, लहान मुलांना मागची खोली, मिसळ मंडळाकडून, पाव ज्यानं त्यानं नव्हे, एकानंच आणायचा. सगळं व्यवस्थित ठरलं. मामांनी फक्त एक अट घातली: सर्वांनी मरून रंगात यायचं. तसा मेसेज मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, ठळक अक्षरांत.

त्या ग्रुपवर नवरात्राच्या सुरुवातीलाच दुसरा एक मेसेज येऊन गेला होता. तो दर वर्षी येतो. आता भारतात नवरात्रात रोजचा एक रंग ठरलेला असतो. त्या त्या दिवशी बँकेत, शाळेत, सोसायटीत सगळ्या बायका त्याच रंगात. आमच्या मंडळाची रंगांची यादी तिकडच्यापेक्षा वेगळी, पण आमच्याकडच्या बायका इथे राहून ती जास्तच कसोशीनं पाळतात. कुणाकडे त्या रंगाची साडी नसेल तर मैत्रीण डेलावेअरहून आणून देते. मामांनी तो ग्रुप म्यूट केलेला होता, कारण तिथे कॉन्फरन्सबद्दल कधीच काही येत नसे. आणि त्या शनिवारचा देवीचा रंग निळा आहे, हे कळूनही आम्हा बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही; ज्याला मरून घालायचंय तो घालेल, एवढंच. निळ्या रंगाचं कोणाशी वैर आहे, हे त्या हॉलमध्ये येणाऱ्यांपैकी मामांशिवाय कुणाच्या लक्षात राहणार होतं?

शनिवारी मामा सकाळपासून दारात उभे. अंगात मरून झब्बा, खांद्यावर मरून शाल, आणि ऑक्टोबरची उबदार दुपार. पहिली गाडी आली, तिच्यातून तीन निळ्या साड्या उतरल्या. मामांनी वाट दिली. दुसऱ्या गाडीतून निळी पैठणी, निळा पंजाबी ड्रेस आणि निळ्या परकरातल्या दोन मुली. मग रांगच लागली. पार्किंगमधून हॉलकडे समुद्र चालत यावा तसं ते दृश्य होतं. पुरुष मंडळी आपापल्या कंपनीनं फुकट दिलेल्या टी-शर्टांत आली होती आणि दुर्दैव असं, की कंपन्यांनाही निळाच आवडतो. मामा एकेकीला विचारत होते, मेसेज नाही मिळाला का? मिळाला की, असं प्रत्येकजण सांगत होती. पण देवीचा रंग कसा मोडायचा? त्यांनी मामींना शोधलं. मामी हत्तीला फुलं वाहत होत्या, निळ्या इरकलीत.

"अगं, तू तरी," मामा म्हणाले.

"तुमचं कॉलेज एक शनिवार थांबेल," मामी म्हणाल्या. "देवीला नऊच दिवस असतात."

नेमकी तेव्हाच केली आली. बारीकशी, मोकळ्या हसऱ्या चेहऱ्याची, डोक्यापासून पायापर्यंत मरून. दारात आली आणि तिथेच थबकली. मामा पुढे होऊन काही समजावणार, तोवर तिची नजर हॉलभर फिरून आली होती. "ओ," ती म्हणाली. मग जरा वेळानं, फार सभ्यपणे, "इट्स व्हेरी ब्लू." मी तिला बाजूला नेऊन देवीचं, रंगांचं, भोंडल्याचं सगळं सांगितलं. तिनं ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, उद्याचा रंग कुठला? पिवळा, मी म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं, की सामना रविवारी असता तर किती बरं झालं असतं.

तरी ती दुपार छान गेली हे सांगायला हवं. कॉलेजाचे खरेखुरे माजी विद्यार्थीही बरेच आले होते. केलीला बघून त्यांना गावातल्या पिझ्झावाल्यापासून प्रत्येकाची आठवण येत होती. भोंडल्याच्या गाण्यांत सामन्याचा आवाज बुडून गेला. पडद्यावर निळ्यांनी काही केलं की मिसळ खाणारे लोक चूक-बरोबर न बघता टाळ्या वाजवत, कारण मैदानावरचे लोक आपल्यासारखेच दिसत होते. मामा प्रत्येक टाळीला डोळे मिटून घेत. मध्यंतरात बायकांनी केलीला फेरात ओढलं. खिरापत ओळखायची पहिली संधी पाहुणीला दिली, डबा हलवून दाखवला, वास दिला. तिनं खूप विचार करून कॉर्नब्रेड सांगितलं. आत ढोकळा होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पिवळं आहे, चौकोनी आहे, मऊ आहे, म्हणून बरोबर धरून टाकलं. जाताना केलीनं सगळ्यांचा एक मोठा फोटो काढला: मधोमध पाटावरचा हत्ती, भोवती निळाईच निळाई आणि एका कडेला पुसटसे मरून मामा. तिनं तो त्याच दिवशी कॉलेजाच्या पानावर टाकला, खाली फार प्रेमानं लिहिलं की न्यूयॉर्कच्या दारात आपलं केवढं मोठं कुटुंब आहे. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्या दुसऱ्या कॉलेजाच्या लोकांनी उचलला आणि देशभर फिरवला. त्यांनी वर एवढंच लिहिलं होतं, की बघा, न्यू जर्सीतसुद्धा आमचेच जास्त.

थंडी सुरू झाली तेव्हा निकाल लागला. गटानं त्या दुसऱ्या कॉलेजाला निमंत्रण दिलं. टीव्हीवर कारण सांगितलं ते साधंच होतं: त्याला खेटून शहर आहे, शहरात घरं आहेत, घरांत टीव्ही आहेत. आम्ही दोघं मामांकडे गेलो. ते गॅरेजमध्ये नकाशासमोर खुर्ची टाकून बसले होते. मोकळी सोडलेली मरून लोकर त्यांनी पुन्हा जुन्या टाचणीला गुंडाळली होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपण त्यांना न्यूयॉर्क देऊन टाकलं."

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या साड्या बघून कुणी कॉलेज घेतं का?"

"का नाही घेणार? डबे बघून घेतात. साड्या त्यापेक्षा बऱ्या."

यावर माझा नवरा हसला, मामीही हसल्या. मामाही थोडे हसले. मग मी विचारलं, जे इतक्या वर्षांत आम्ही कुणीच सरळ विचारलं नव्हतं. मामा, तुम्ही खेळ बघत नाही, पैसे तुम्हाला मिळणार नाहीत, मग त्या कॉलेजाला मोठ्या गटात घेतलं काय न घेतलं काय, तुम्हाला काय फरक पडतो? त्यांनी एका रेडिओची गोष्ट सांगितली.

त्या गावात एक छोटं रेडिओ स्टेशन होतं. सकाळी मक्याचे भाव सांगायचं, कुणाचा वाढदिवस, कुणाची गाय हरवली, आणि मग हवामान. मामा तिथे गेले त्या पहिल्याच वसंतात रेडिओवरचा माणूस गावात उकडायला लागलं म्हणून तक्रार करत होता. मामांनी हॉस्टेलवरून फोन करून त्याला सांगितलं, की आमच्या नागपूरला याच्या दुप्पट उकडतं. तो माणूस चाट पडला. दुसऱ्या दिवसापासून गावाच्या तापमानानंतर तो नागपूरचं तापमान सांगायला लागला. ते त्याला कुठून कळणार? तर मामांच्या वडिलांच्या पत्रातून. पत्र यायला बरेच दिवस लागायचे, त्यामुळे त्या गावाला रोज सकाळी नागपूरचं मागल्या महिन्याचं हवामान कळायचं. कुणाची काही हरकत नव्हती. न्हावी कात्री थांबवून विचारायचा, तिकडे पाऊस आला का? दुकानातली बाई नागपूरचा आकडा ऐकून आपली शेगडी बंद करत म्हणायची, तुझ्या आईला सांभाळायला सांग. मामा तिथे राहिले तोवर हे चाललं.

"त्या गावानं रोज माझ्या गावाचं नाव घेतलं," मामा म्हणाले. "मी इथं कुणाला त्याचं नाव सांगतो तर लोक म्हणतात, कुठं आलं हे? नागपूरला सांगितलं तरी तेच. मला वाटलं, एकदा टीव्हीवर आलं की सगळ्या देशाला माहीत होईल. बाकी काय."

आम्ही चहा घेतला आणि घरी आलो.

यंदाच्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला तेजश्री नावाची एक मुलगी आली. मूळ नांदेडची, व्हिसावर नोकरीला नुकतीच न्यू जर्सीत आलेली. एमएस कुठून केलंस असं मी सहज विचारलं. तिनं हात हलवला, म्हणाली, "जाऊ दे ना काकू, तुम्ही नाव नसेल ऐकलेलं. एकदम छोटं गाव आहे यार." तरी तिनं नाव सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी मी तिला घेऊन मामांकडे गेले. मामींनी पुऱ्या तळल्या. मामांनी तिला नकाशा दाखवला नाही, टीव्ही किती तेही विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं, रेडिओवर अजून भाव सांगतात का? ती म्हणाली, रेडिओ कोण ऐकतं आता मामा. मग विचारलं, तू जुन्या हॉस्टेलवर होतीस का? होती. पूर्वेच्या बाजूला? पूर्वेच्याच. मग खिडकीतून धान्य साठवायचे ते उंच पांढरे सायलो दिसत असतील.

"नाही दिसत," तेजश्री म्हणाली. "मध्ये स्टेडियमचा नवीन मजला आला ना. मोठ्या गटात जाणार म्हणून बांधला होता. आता अर्धा रिकामाच असतो."

मला वाटलं मामा आता वाईट वाटून घेतील. पण ते ताठ बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, मग तो काढायला सांगू या. त्याच दुपारी त्यांनी केलीला लिहिलं. वर असंही लिहिलं, की पूल आणि मोठी बांधकामं कशी उतरवतात ते मला येतं, फुकट सल्ला देईन. हल्ली ते या कामात आहेत. केली उत्तरं देते, वरपर्यंत पोचवते म्हणते. मामी म्हणतात, बरं झालं, यात लोकर लागत नाही.

त्या शनिवारी निघायच्या आधी मामांनी एका कागदावर रस्ता, हॉस्टेल आणि सायलो काढून तेजश्रीपुढे ठेवले. तिनं पिझ्झाचं दुकान कुठे आलं ते दाखवलं, त्यांनी न्हाव्याचं. मग त्यांनी विचारलं, सकाळचं ऊन तिथे कसं यायचं, आठवतं का?

"पूर्वेकडून, मामा," ती हसून म्हणाली.

"पूर्वेकडून सगळीकडेच येतं गं. तिथं आधी सायलोंच्या डोक्यावर यायचं. मग हळूहळू खाली उतरून गावात यायचं. आम्ही खिडकीत बसून वाट बघायचो."